नावाड्याचं पद आणि मागची बैठक

नाटकाविषयी लिहायला बसलो आहे खरा, पण हे माझं काम आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकलेला मी पहिलाच. शिवाय आयुष्यात एकाच नाटकात उभा राहिलो, तोही अर्ध्या प्रवेशापुरता. ज्यांनी पुष्कळ नाटकं पाहिली आहेत त्यांनी मला सांभाळून घ्यावं. पण त्या दुपारी प्रेक्षकांनी जे केलं त्याबद्दल नंतर शहरात जे छापून आलं, ते मला पटलं नाही. म्हणून लिहितो.

मी तेव्हा इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कोल्हापुरात आमच्या कॉलेजच्या संमेलनात दरवर्षी संगीत नाटक व्हायचं. त्या वर्षीचं नाटक मराठीच्या प्राध्यापकांनी स्वतः लिहिलं होतं. त्यात राजपुत्राला नदीपार नेणारा एक म्हातारा नावाडी होता आणि त्याला एकच पद होतं. वसतिगृहात अंघोळ करताना मी अभंग म्हणायचो, ते कुणीतरी सरांच्या कानावर घातलं आणि नावाडी माझ्याकडे आला. पेटीमास्तरांनी दोन दिवस मला ताना शिकवून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी पेटीचा भाता बंद करून म्हणाले, "गळा चांगला आहे, पण भजनाचा आहे. आता मी चालच भजनाची बांधतो. तूही सुटलास आणि मीही." पदाची पहिली ओळ होती, 'दूर दिसे तो घाट, गड्या रे, हळू हळू वल्हव नाव'.

आमचं गाव बिद्रीच्या अलीकडे. गुऱ्हाळ सुरू झाल्यावर दोन दिवस घरी गेलो, तेव्हा वडिलांना सांगितलं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते चुलवाणात चिपाडं सारत होते. वर न बघताच म्हणाले, "तुला शिकाय धाडलंय. नाचाय न्हाय."

"नाचायचं नाही आबा. एक पद म्हणायचंय."

"कुणाम्होरं?"

"सगळ्या शहरापुढं."

त्यांनी चिपाडांचा आणखी एक भारा आत सारला. थोरले चुलते वारल्यापासून आमच्या औताला माणूस कमी पडत होता. आबांपुढं दोनच वाटा होत्या. पाडव्याला सालगडी ठेवायचा, म्हणजे वर्षभरासाठी कामाला माणूस बांधून घ्यायचा, नाहीतर मला कॉलेजातून काढून परत आणायचं. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. शेवटी म्हणाले, "गूळ घिऊन पेठंत येनारच हाय. बघतो तुजं पद. मग पाडव्याला काय त्ये ठरवू."

प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता. शनिवारी सौदा आटोपून आबा थांबले आणि त्यांच्याबरोबर गाड्या घेऊन आलेले भजनी मंडळाचे सहाजणही थांबले. पडद्याच्या भोकातून मी पाहिलं. पुढं खुर्च्यांवर वकील, डॉक्टर आणि प्राध्यापक मंडळी, मध्ये बाकांवर कुस्तीच्या तालमीतली पोरं, वर गॅलरीत आमचे विद्यार्थी. अगदी मागं जमिनीवर घोंगडं अंथरून ही सातजणं बसली होती.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाला मनात काही ठेवायची सवय नाही. नायिकेचं काम आमच्या वर्गातला एक सहा फुटी विद्यार्थी करत होता. तो येताच बाकांवरून आवाज आला, "ह्या बाईस्नी आमच्या तालमीत धाडा. जोडीला मानूस कमी हाय." राजपुत्राने तिसरं पद सुरू केलं तेव्हा दुसरा म्हणाला, "पावणं, आवरा की. नाव सुटंल." पण तो राजपुत्र खरंच सुरेल होता. त्याच्या दोन पदांना वन्स मोअर मिळाला. ज्याला वन्स मोअर नाही त्याचं पद पडलं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग माझी नाव आली. पुठ्ठ्याची होडी, हातात वल्हं, अंगावर कांबळं. मी पहिली ओळ म्हटली आणि दुसरीसाठी श्वास घेतला. तेवढ्यात मागून सात गळ्यांनी माझी पहिली ओळ उचलली.

'दूर दिसे तो घाट, गड्या रे.'

आमच्याकडे भजनात असंच असतं. पुढच्याने ओळ म्हणायची, मागच्यांनी ती धरायची. मागचे गप्प राहिले तर म्हणणाऱ्याचा तो अपमान. चाल भजनाची, म्हणणारा आपल्या घरचा पोरगा, मग ते गप्प कसे बसणार? टाळ नव्हते म्हणून मांड्यांवर हात मारून ताल धरला होता. सगळ्यांच्या वर आबांचा आवाज मला ओळखू आला.

खुर्च्यांवरची डोकी मागं वळली. गॅलरीत हशा पिकला. "नाटकाचं तिकीट काढलंतं रं, हे भजन कुठनं आलं?" असं कुणीतरी विचारलं. विंगेत प्राध्यापक हाताने खुणा करत होते, आटप, पुढची ओळ घे. सरांचं ऐकून घाईने पद संपवणं सोपं होतं. पण मागच्यांची ओळ पुरी व्हायच्या आत पुढचं म्हणायचं नसतं, हे मला आबांनीच सहाव्या-सातव्या वर्षी शिकवलं होतं. मी वल्हं मारत थांबलो. त्यांची ओळ पुरी झाली, मग दुसरी ओळ वरच्या पट्टीत घेतली. पेटीमास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मागच्यांना साथ द्यायला सुरुवात केली.

तिसऱ्या ओळीनंतर बाकांवरच्या पोरांनीही धृपद धरलं. चौथीला गॅलरीतला हशा थांबला होता आणि तिथूनही सूर येत होता. सगळं थिएटर नाव वल्हवत होतं असं मी लिहिलं तर ते मोठं वाटेल, पण मला तरी तसंच वाटलं. पद संपलं आणि वन्स मोअरचा गजर झाला. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा गजर, पुन्हा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "नाटकात भजन घुसवलंस." शहरातल्या एका साप्ताहिकाने प्रेक्षकांच्या बेशिस्तीबद्दल चार ओळी लिहिल्या. सरांचा मला आदर आहे. तरीही मी त्या दिवशी थांबलो ते बरोबर केलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. ती बेशिस्त नव्हती. आमच्या गावची ती शिस्त होती.

पण माझं सगळं लक्ष आबांकडे होतं. प्रयोग संपल्यावर रंग पुसून बाहेर आलो तेव्हा ते बैलांना पेंड चारत होते. चेहरा उतरलेला.

"काय चुकलं रं तुजं?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

"तीन डाव म्हणाय लावलं की तुला. बरोबर म्हटल्यावर कोन परत म्हणाय लावतंय?"

मी हसलो आणि वन्स मोअर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आवडलं की मागतात. त्यांनी जू उचललं, बैलांच्या मानेवर ठेवलं. "असं व्हय," एवढंच म्हणाले. गाड्या कळंब्याच्या रस्त्याला लागल्या.

नंतर निरोप नाही. आबांना लिहिता येत नाही आणि विचारायचा मला धीर नव्हता. इंटरची परीक्षा तोंडावर आली. पाडवा झाला. आणखी पाच दिवस गेले. पुस्तक उघडायचो आणि हे वाचायचं तरी कशाला, असं मनात यायचं. सहाव्या दिवशी आमच्या गावचा एक गाडीवान शेवटचा गूळ घेऊन पेठेत आला आणि लाडवांचं गाठोडं द्यायला वसतिगृहावर आला. हा त्या सातांतलाच एक.

"तुजं पद आता देवळात म्हणतोय आमी," तो म्हणाला. "एकादशीला तुजा बा म्होरं असतोय. चौथी ओळ कुणालाच येत न्हाय, तिथं नुसतं गुणगुणतोय. तेवढी लिहून दे."

मी लिहून दिली. मग विचारलं, "आणि पाडव्याचं काय ठरलं?"

"ठरायचं काय त्यात?" त्याने कागद घडी करून टोपीत खोचला. "सालगडी आलाय की पाडव्याच्या दिशीच. गगनबावड्याकडचा हाय. तुज्या बानं औत त्येच्या हातात दिलंय. तुला सांगितलं न्हाय व्हय?"