दुसरी तार

आपल्या पूर्वजांनी मन्यूला, म्हणजे क्रोधाला, देवता मानले. नागोजी अण्णांना ओळखणाऱ्या कोणालाही त्याचे नवल वाटले नसते. हुबळीच्या देशपांडे नगरामागील बोळात त्यांचे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान गेली अडतीस वर्षे उभे आहे. त्या दुकानात तार दाताने सोललेली चालत नसे, जोडावर पट्टी कमी गुंडाळलेली चालत नसे आणि ‘तात्पुरतं’ हा शब्द तर उच्चारलेलाही चालत नसे. एका बसमालकाने एकदा तो उच्चारला. अण्णांनी त्याला दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवले आणि वरून म्हणाले, “तात्पुरती आग लागलेली कधी पाहिलीत का हो?”

त्यांचे वडील गडहिंग्लजहून हुबळीच्या बाजारात सूत विकायला आले होते. मुलाने सूत सोडून तांब्याची तार धरली, परंतु पिळ्यातला पीळ पारखण्याची घराण्यातली नजर तीच राहिली. त्या नजरेखाली बावीस शिष्य घडले. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पक्कड हाती मिळत नसे. दुकानाच्या भिंतीवर तांबड्या तैलरंगात अण्णांनी स्वहस्ते रेखलेली एक ओळ होती, ती त्याने आधी मोठ्याने म्हणायची: ‘गाडीला एकच तार. दुसरी तार म्हणजे गाडीचे अंग.’ घराच्या विजेला दोन तारा लागतात, एक नेणारी आणि एक परत आणणारी. गाडीत मात्र दिव्याला एकच तार पुरते, परतीची वाट गाडीचे लोखंडच होते. एवढाच त्या ओळीचा अर्थ. पण अर्थापेक्षा ओळीचा दरारा मोठा होता. खंडेनवमीला पकडी आणि पाने मांडून पूजा होई, तेव्हा त्या ओळीलाही हळदकुंकू वाहिले जाई आणि झेंडूची माळ चढे. अण्णांच्या पत्नी शांताबाई दर वर्षी म्हणत, “भिंतीला नैवेद्य दाखवणारं हे एकच घर बघा.” त्यावर अण्णाही दर वर्षी रागावत.

यंदा चैत्रातल्या एका सकाळी एक बॅटरीवर चालणारी छोटी मालगाडी दुकानापुढे थांबली आणि तीतून एक तिशीची बाई उतरली. तिचे नाव रोहिणी. केलगेरीची. गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात शेवयांचे यंत्र बसवून ती अळणावरच्या वाटेवरील खेड्यांतून फिरते. बायका पीठ मळून परातीतून घेऊन येतात आणि शेवया घालून नेतात. दिवसा खेड्यातली वीज जाते, म्हणून तिने हौद्यातच प्लग बसवून घेतला होता. चालकाच्या आसनाखाली वेगळी बॅटरी आणि इन्व्हर्टर, आणि तिथून मागे घरच्यासारखी दोनशेतीस व्होल्टांची वीज.

तिने उजवा हात पुढे केला. तळव्यावर भाजल्याचा काळपट डाग होता.

“काल मशीन मधेच बंद पडली, अण्णा. काय झालं बघायला एक हात केबिनच्या दारावर ठेवला, दुसरा हौद्याच्या पत्र्याच्या फळीवर. यव्वा! कुणी उचलून फेकल्यासारखी जाऊन पडले. माझ्या मागं सासूबाई चढणार होत्या. सत्तरीच्या आहेत. पिठानं हात ओले.”

“मशीन आधी बंद पडली? मग शॉक बसला?”

“हो. आधी बंद पडली.”

अण्णांचा चेहरा पालटला. ते गाडीखाली शिरले. नव्या विद्येचे ते वैरी नव्हते. गाड्या तेलावरून बॅटरीवर आल्या तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी चष्मा लावून नव्याने अभ्यास केला होता आणि मोठ्या दाबाच्या नारिंगी जाड केबलला हात लावायचा नाही, हा दंडक स्वतःला घालून घेतला होता. ती केबल इथे कोणी छेडली नव्हती. चूक दुसरीकडेच होती. इन्व्हर्टरमधून प्लगपर्यंत एकच तार आली होती. प्लगची दुसरी बाजू स्क्रूने हौद्याच्या पत्र्याला आवळलेली होती आणि इन्व्हर्टरची दुसरी बाजू खाली सांगाड्याला. हौदा सांगाड्यावर रबराच्या गाद्यांवर बसतो. दोघांत लोखंडाला लोखंड भिडत होते ते एकाच बोल्टाने, आणि तो बोल्ट गंजून ढिला झाला होता. बोल्ट सुटताच वीज यंत्रातून हौद्यापर्यंत आली आणि वाट खुंटून थांबली. यंत्र थांबले ते म्हणून. मग रोहिणीने एक हात हौद्यावर आणि दुसरा सांगाड्याला जोडलेल्या दारावर ठेवला आणि पुढची वाट तिच्या छातीतून झाली.

अण्णा गाडीखालून बाहेर आले ते ओरडतच. “कोण हा गाढव? कुणी केलं हे? बाईमाणसं ओल्या हातांनी जिथं चढतात तिथं दोनशेतीस व्होल्ट पत्र्यात सोडलेत! याच्या हातात पक्कड दिली कुणी?”

“प्रवीणअण्णांनी केलंय. तारिहाळच्या.” रोहिणीचा आवाज चढला. “त्यांच्या पाटीवर तुमचं नाव आहे, ‘नागोजी अण्णांचे शिष्य’. म्हणून तर गेले मी तिथं. नाहीतर घराजवळ काय कमी दुकानं होती?”

अण्णांनी दुकानाचे शटर खाली ओढले. “चल. मागचं सगळं बंद ठेव आणि चल.”

तारिहाळपर्यंत रोहिणी बोलतच राहिली. गावात सांगून आलेय, उद्या मुगदला अठरा घरांचं पीठ आहे, आणि तुमचे लोक मला मारायला निघाले. अण्णांचा सारा राग पुढच्या मुक्कामासाठी राखून ठेवलेला होता.

प्रवीणचे दुकान औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर, मोठे, काचेच्या दाराचे. अण्णांना पाहून तो नमस्काराला वाकला. अण्णांनी पाय मागे घेतला.

“वाकू नकोस. आधी हिचा हात बघ.”

त्याने पाहिला. मग गाडीकडे पाहिले. “काय झालं, अण्णा?”

“काय झालं? पत्र्याला दुसरी बाजू आवळलीस? वीस वर्षं झाली तुला या धंद्यात. डोकं गहाण टाकून काम करतोस का रे? उद्या हिची सासू मेली असती तर पाटीवर माझं नाव ठेवून तिला खांदा द्यायला गेला असतास?”

प्रवीण खरोखर बुचकळ्यात पडला होता. त्या गोंधळात लबाडी नव्हती, हे अण्णांना दिसत होते आणि त्यानेच ते अधिक चिडत होते.

“अण्णा, येनु माडली? मी काय करू? तुम्हीच शिकवलंत. गाडीला एकच तार. दुसरी तार म्हणजे गाडीचं अंग. पहिल्या दिवशी मोठ्यानं म्हणून घेतलंत माझ्याकडून. मी एकदा दोन तारा ओढल्या होत्या तर कानफटात दिली होतीत. आठवतं?”

“ते बारा व्होल्टांचं होतं रे! दिवा, हॉर्न, वायपर! बारा व्होल्ट माणसाला काय करणार?”

“भिंतीवर बारा लिहिलेलं नव्हतं, अण्णा.”

व्याकरणात उत्सर्ग, म्हणजे सर्वसाधारण नियम, सांगून गुरू थांबत नाही. अपवाद सांगितल्यावाचून त्याचे ऋण फिटत नाही. अण्णांच्या दुकानात अपवादाची वेळ कित्येक वर्षे आली नव्हती, कारण गाडीत दुसरी वीजच नव्हती. ती आली तेव्हा त्यांनी स्वतः पुस्तके आणून वाचली आणि स्वतःपुरती समजून घेतली. बावीस जणांना त्यांनी वेगळे काही सांगितले नाही, आणि ओळीला माळ मात्र घालत राहिले. हे सगळे त्यांना त्या काचेच्या दारापाशी उभ्या उभ्या उमगले. राग उतरला नाही. त्याला जायला जागा राहिली नाही, म्हणून तो त्यांच्याच छातीत माघारी आला.

“गुरू-शिष्यांचं नंतर चालू दे तुमचं,” रोहिणी म्हणाली. “मी शाळा शिकायला आलेली नाही. उद्या बायका या गाडीवर चढणार आहेत. आणि एवढं सांगा, असे आणखी किती प्लग बसवलेत?”

प्रवीण बोटे मोजू लागला. “हिचा धरून पाच.”

“फोन लाव,” अण्णा म्हणाले. “चौघांना. आत्ता. प्लगची बटणं बंद करा आणि गाड्या इथं आणा म्हणून सांग. चूक नागोजीची आहे म्हणून सांग.”

“माझी आहे, अण्णा.”

“फोन लाव म्हटलं ना! साकु, पुरे!”

प्रवीण फोन करत राहिला आणि अण्णा हौद्यात बसले. त्यांनी पत्र्याचा स्क्रू काढला, प्लगपासून थेट इन्व्हर्टरपर्यंत रबरी वेष्टणाची दुसरी तार ओढली, यंत्राच्या लोखंडाला, हौद्याला आणि सांगाड्याला जोडणारी संरक्षणाची वेगळी हिरवी तार घातली आणि वीज कुठे झिरपली तर क्षणात तुटेल असे गळती ओळखणारे बटण बसवले. शेवटी त्यांनी तो गंजका बोल्ट पुरता काढून टाकला, हिरवी तारही घटकाभर सोडून ठेवली आणि म्हणाले, “चालू कर.” यंत्र घरघरत चालले. हौदा आणि दार यांमध्ये धरलेला चाचणीचा दिवा विझलेलाच राहिला, म्हणजे पत्र्यात वीज नव्हती. मग त्यांनी हिरवी तार पुन्हा आवळली, नवा बोल्ट घातला आणि दिवा तीन ठिकाणी फिरवून रोहिणीला प्रत्येक ठिकाण दाखवले.

तिने तरी फळीला हात लावला नाही. “उद्या सकाळी सासूबाईंना चढवायच्या आधी हा दिवा मीच लावून बघणार. द्या तो इकडं.”

अण्णांनी दिवा दिला. त्यांच्या हातातली वस्तू मागून नेणारे ते पहिलेच गिऱ्हाईक असावे.

तीन गाड्यांना निरोप पोहोचला होता. चौथा फोन उचलला जात नव्हता. “इस्त्रीवाला आहे, सागर,” प्रवीण म्हणाला. “हौद्यातच टेबल मांडून इस्त्री करतो. देशपांडे नगरात उभा असतो. दवाखान्यांच्या रांगेत.”

अण्णांनी खाली मान घालून स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिले. पांढरा, कडक, बाहीवर धारदार घडी. गेले चार महिने शांताबाई त्यांचे कपडे त्याच गाडीवर देत होत्या. ती गाडी त्यांच्या दुकानापासून दोन बोळ पलीकडे रोज उभी होती, आणि ते रोज तिच्या पुढून जात होते.

दुपारी दोन वाजता प्रवीणच्या गाडीतून ते तिथे पोहोचले. सागर हौद्यात उभा, पुढे पत्र्याचे टेबल, शेजारी पाणी शिंपडायची बाटली. इस्त्री चालू. अण्णांनी आधी आसनाजवळचे बटण बंद केले, मग इस्त्रीची पिन उपटली.

“ए आजोबा! काय चाललंय? डॉक्टरीणबाईंचे कोट आहेत, तीनला न्यायला येतात!”

“आज इस्त्री नाही. खाली उतर.”

“तुम्ही कोण सांगणार? फोनवर फोन करून हैराण केलंत, आता धंद्यावर हात घातलात? अक्कल आहे का म्हाताऱ्या? नोडु, बघ, लोक बघायला लागलेत.”

लोक खरोखर बघत होते. औषधाच्या दुकानातून दोघे बाहेर आले. देशपांडे नगरात नागोजी अण्णांना ‘अक्कल आहे का’ असे विचारणारा माणूस आजवर जन्मला नव्हता, आणि आता उत्तर काय मिळते ते ऐकायला सगळे थांबले. प्रवीण पुढे सरकला. अण्णांनी त्याला हाताने मागे सारले.

“नव्हती,” ते सागरला म्हणाले. “हा प्लग चुकीचा बसवलाय, आणि बसवणाऱ्याला मी शिकवलंय. तू जिवंत आहेस हे तुझं नशीब. शिव्या दे, मी ऐकतोय. पण खाली उतरून दे.”

सागरने दिल्या. कन्नडात दिल्या, मराठीत दिल्या. कोट ओलसरच राहिले म्हणून दिल्या आणि मग हौद्याखालचा स्क्रू दाखवल्यावर भीतीने अधिक दिल्या. अण्णा गाडीखाली पाठीवर पडून ऐकत होते. कडक सदऱ्याला ग्रीस लागत होते. मध्येच ते फक्त खेकसले, “प्रवीण, पक्कड! झोपलास का?”

सागरच्या आणि मग तारिहाळला आलेल्या तिन्ही गाड्यांचे काम संपल्यावर दोघे अण्णांच्या बोळातल्या दुकानात आले. अण्णांनी तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश प्रवीणपुढे ठेवला.

“त्या ओळीच्या आधी लिही: ‘बारा व्होल्टांच्या’. आणि खाली लिही: ‘घरच्या विजेला गाडीतही दोन्ही तारा’. मग एकवीस जणांना एकेक करून बोलावून वाचून दाखव.”

“तुम्हीच लिहा, अण्णा. तुमचं अक्षर आहे.”

“तू लिही,” अण्णा चिडून म्हणाले. “माझं अक्षर लोक विचार न करता खरं मानतात.”