गाठीच्या घरात उभी बाटली

माझ्या गळ्यावरची गाठ आधी डोरल्याला कळली, मग मला. डोरलं सरळ बसेना, सारखं एका अंगाला घसरायचं. पुढं भाकरीचा घास अडकायला लागला, आणि हळदीची गाणी म्हणताना गळा दाटायला लागला. आमच्या भावकीत लग्न कुणाचंही असो, हळदीला पहिला आवाज माझा असतो. शेतात आता गोदाम उभं आहे, तेव्हा माझं म्हणावं असं एवढंच उरलंय.

सुनेनं कंपनीत सुट्टी टाकली आणि मला चाकणहून चिंचवडला नेलं. सोनोग्राफी झाली, सुईनं नमुना घेतला. कॅन्सर नाही, थायरॉइडमध्ये पाण्यानं भरलेली गाठ आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी सुईनं पाणी ओढलं, गळा सपाट झाला, आणि मी आळीत पेढे वाटले. दोन महिन्यांत गाठ परत हजर. पेढे तेवढे फुकट गेले.

आता ऑपरेशन करायचं, नाहीतर पाणी काढून आत औषध सोडायचं. औषधानं गाठीची पिशवी आतून सुकते, पुन्हा सहसा पाणी धरत नाही. आवाजाची नस तिथून जवळच जाते, म्हणून धोका दोन्हीकडं होता, पण सुईत कमी. मी म्हटलं, सुईच बरी.

ठरल्या दिवशी सहीचा कागद आला. मी शाळेत गेलेली नाही. कांद्याच्या गोण्यांवरची नावं लावत लावत अक्षरं शिकले. म्हणून पुढं आलेला कागद वाचल्याशिवाय सोडत नाही. औषधाच्या जागी लिहिलं होतं, अल्कोहोल. मी सुनेकडं पाहिलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसली होती. म्हणजे तिला ठाऊक होतं.

आता हे सांगायला हवं की गावातलं दारूचं दुकान आम्ही बायकांनी मतदान करून बंद पाडलं होतं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. त्याच्या आदल्या दिवशी हळदीकुंकवाच्या ताटावर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली की या अंगात दारूचा थेंब जाऊ देणार नाही. शब्द माझेच होते. जरा जास्तच जोरात बांधले होते म्हणा.

"बाई, ही दारूच की."

"जात तीच, आजी. पण ही प्यायची नाही. शुद्ध असते, आणि गाठीतच सोडायची."

मी धाकट्या जाऊला फोन लावला. शपथेला ती माझ्या शेजारी उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आक्का, बायकांस्नी काय सांगायचं?"

"खरं सांगायचं. माणसाच्या घरात आपण आडवी केली. गाठीच्या घरात राहू दे उभी."

आणि सही केली. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

सुई गळ्यात असताना गिळायचं नाही, बोलायचं नाही. माझ्यासारखीला खरी शिक्षा तीच. पाणी चहाच्या रंगाचं निघालं. मग औषध गेलं, आणि ठेचा लागल्यासारखी आग कानापर्यंत चढली. थोडं गरगरलंही. प्यायलेल्या माणसाला यात काय गोड लागत असेल, मला तरी कळलं नाही.

"आजी, बोला आता काहीतरी."

मी नवरीच्या मामाला चिडवायचं गाणं धरलं. आवाज घोगरा निघाला, पण निघाला. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, पुरे, बाकीचं लग्नात.

दोन दिवस घसा बसला होता. तिसऱ्या दिवशी बचत गटाच्या बैठकीत मी आपणहून सगळं सांगितलं. एकीनं विचारलं, कितीची होती? बायका हसून लोळल्या आणि विषय मिटला.

गाठ आता बोराएवढी उरलीय. तपासणीला जाते, पाणी भरलेलं नाही. मागच्या महिन्यात जाऊच्या नातीची हळद होती. मी पुढं बसले तशी जाऊनं तोंडाजवळ येऊन हुंगलं. म्हणाली, "आज घेतली न्हाईस ना?"

"न्हाई. आज तशीच म्हणते."

मामाचं गाणं शेवटपर्यंत म्हटलं. मधे कुठं थांबले नाही, आणि डोरलं जागचं हललं नाही.