दोन पानं बोलणारा नवरा

मयूर विहारमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एक लेखक राहतात. आधी रेडिओसाठी नाटकं लिहायचे, मग सिनेमे. केबल आल्यापासून मालिका लिहितात. लिहिलेलं पहिलं मला वाचून दाखवतात, कारण मी सहावी नापास. "तुम्हाला कळलं की अख्ख्या देशाला कळलं," म्हणतात. वाचताना दाराची करकर तेच करतात, रडतातही तेच, आणि माझी बिस्किटं संपवतात.

माझी बायको गेली, त्याच्या दुसऱ्या महिन्यात ते मरणाचा सीन घेऊन आले. बायको खाटेवर आणि नवरा दोन पानं बोलतोय.

मी म्हटलं, "बंद करा. एवढं कोणी बोलत नाही."

"अच्छा? मग काय बोलतो माणूस?"

"मी हॉस्पिटलात तिला विचारलं, डाळीला कुकरच्या शिट्ट्या किती? ती म्हणाली, तीन. ते आमचं शेवटचं बोलणं."

त्यांनी झटकन पेन काढलं. मला वाटलं, झालं, आता हे घरोघर ऐकू येणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

महिन्याभरानं टीव्हीवर तो नवरा दोन्ही पानं बोलला. सगळी सोसायटी रडली. इतकं टुकार लिहिल्याबद्दल मी त्यांना दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं.