दूध संस्थेतलं कच्चं व्हर्जन

मुरगूडजवळच्या आमच्या गावातल्या दूध संस्थेचा कॉम्प्युटर मी सांभाळतो. संस्थेत दुधातलं फॅट मोजणारं नवं मशीन आलं, तेव्हा ते त्या कॉम्प्युटरला काही केल्या जोडलं जाईना. शेवटी मी ऑपरेटिंग सिस्टीमचं डेव्हलपमेंट व्हर्जन टाकलं. म्हणजे ज्याची चाचणी अजून चालू आहे आणि जे रोजच्या कामाला वापरू नका, असं बनवणाऱ्यांनीच बजावलंय ते. मशीन लगेच चालायला लागलं. तरी मी चेअरमनना सांगितलं, "हे अजून कच्चं आहे."

"कच्चं म्हंजे धारोष्णच की!" ते म्हणाले, आणि आमच्या डेअरीत पुढच्या वर्षाचं सॉफ्टवेअर हाय, असं शेजारच्या गावात सांगून आले. छाती माझीही फुगली, खोटं कशाला बोलू.

तिथून मी अडकलो. कच्च्या व्हर्जनला सारखे अपडेट. एक घेतला की पावतीचा प्रिंटर गप्प, दुसरा घेतला की वजनकाटा. बरं, मागं जावं तर जुन्या व्हर्जनवर फॅट मशीन चालत नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. म्हशींना त्याचं काय? सकाळ-संध्याकाळ किटल्यांची रांग लागायची, आणि स्क्रीन काळी झाली की अख्खी रांग माझ्याकडं बघायची.

"आरं इंजिनेर, दूध नासंल की!"

संताप यायचा. रांगेचा नव्हे, माझाच.

बायको आजऱ्याला शिक्षिका, लेक तिच्याजवळ. रविवारी सकाळचं दूध झालं की मी मोटरसायकल काढायचो, तिथं जेवायचो आणि संध्याकाळच्या दुधाला परत हजर. तिथंच राहायला जायचं ठरलं होतं. एका काजू कारखान्यात कामही बघून ठेवलं होतं. "पक्कं व्हर्जन येऊ दे, मग येतो," हे माझं पालुपद. लेक ते शिकली. फोनवर पहिला प्रश्न तोच, "बाबा, पक्कं आलं का?"

आणि एकदाचं ते आलं. सकाळचं दूध झाल्यावर टाकलं. संध्याकाळी काटा, मशीन, प्रिंटर, सगळं सुतासारखं सरळ. दुसऱ्या दिवशीही कुणी मला हाक मारली नाही. मी पिशवी भरून मोटरसायकलला अडकवली आणि चेअरमनना सांगायला गेलो, "आता मी नसलो तरी चालतंय."

"पक्कं झालं म्हंजे समद्यांकडं येणार की रं," ते नाराजीनं म्हणाले. "आपलं येगळं काय ऱ्हायलं? फुडचं कच्चं कवा येतंय?"

"कालच आलंय," मी बोलून गेलो.

"मग टाक की! बघतुयास काय?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण त्यात नवं काय आहे ते कालच बघून झालं होतं, आणि हातही शिवशिवत होते. मी खुर्ची ओढून बसलो.

स्क्रीनवर निम्मं काम झालं असेल, तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, पक्कं आलं का?"

"नाही गं," मी म्हणालो. "अजून नाही आलं."