काकूंच्या मोगऱ्यातलं गाजरगवत

टेम्पो सुरू झाला होता, तरी माझ्या आईने ड्रायव्हरला थांबवलं आणि शेणखताचं एक पोतं गाद्यांवर चढवलं. ह्यांना बोईसरला कारखान्यात काम लागलं होतं आणि सालवडला भाड्याची खोली ठरली होती. ह्यांनी कपाळाला हात लावला. आई म्हणाली, "न्हेऊ द्या की. तिथली माती कशी आसंल, कुणाला ठाव." सगळा रस्ता तो वास नाकात होता आणि मी पदर तोंडाला लावून रडत होते.

सालवडला नळापासून दुकानापर्यंत सगळं हिंदीत चालायचं. जे मराठी बोलायचे ते आम्हाला घाटी म्हणायचे, तेही तोंडावर. आमच्या घरमालकीण काकू इथल्याच, पिढ्यान् पिढ्यांच्या. सुरुवातीला त्याही मला "ती घाटीण" म्हणत. खोल्यांच्या मागे त्यांच्या परसात मोगरा होता. सकाळी कळ्या खुडायच्या, गजरे करायचे आणि स्टेशनजवळ बसायचं, हा त्यांचा नेम. नवरा वारलेला, मुलगा विरारला. कुणापुढे हात पसरायचा नाही म्हणून ही धडपड.

मला त्यांच्यात शिरायचं होतं. म्हणून अर्धं पोतं मी त्यांच्या मोगऱ्याला घातलं. "असला खत आमाला इथं मिळत नाय गो," काकू म्हणाल्या आणि त्या दिवसापासून मी "पोरी" झाले. सुके बोंबील भाजायला त्यांनीच मला शिकवलं.

पावसात मोगऱ्याच्या आळ्यांत गाजरासारख्या पानांची रोपं उठली. मी लांबूनच ओळखली. गावाकडे बांधावर गाजरगवत काय कमी पाहिलंय? माझ्या कुंड्यांतही तेच उगवलं होतं, म्हणजे खतातूनच आलेलं. फुलं यायच्या आत, माती ओली असताना, हाताला पिशवी बांधून मुळासकट उपटायचं, हे लहानपणापासून ठाऊक. मी माझ्या कुंड्या एका दुपारी साफ केल्या. काकूंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खताचं नाव निघालं असतं आणि मी पुन्हा घाटीण झाले असते. एवढंच कारण, बाकी काही नाही.

काकूंनी विचारलं, "हा कसला पाला हाय गो?"

"असेल रानातलं काहीतरी," मी म्हणाले.

पांढरी फुलं आल्यावर काकू ते उघड्या हातांनी उपटत बसल्या. चार उपटली की पुढच्या पावसाला चाळीस. त्यांचे हात सुजले, पापण्या सुजल्या, बोटांची कातडी फाटून पाणी यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, या गवताच्या जवळ फिरकायचं नाही. काकूंनी मला विचारलं, "तू उपटून देशील काय?" मी रविवारी बघू म्हणाले. असे तीन रविवार गेले. मला माझे हात जपायचे होते, खरं तेच.

शेवटी मुलगा आला. त्याने मोगऱ्यासकट सगळं खणून काढलं, वर कोबा घातला आणि दोन खोल्या बांधल्या. त्यातली मोठी आम्ही घेतली. हवा चांगली येते.

आता कातडी जाड होऊन काकूंची बोटं वळत नाहीत. सकाळी मी त्यांची वेणी घालते, औषध लावते, भात कालवून देते. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगतात, "पोटची लेक करणार नाय, एवढा ही माझा करते." मी खाली मान घालून ऐकून घेते आणि लोकांना वाटतं, किती साधी बाई.

आई, तू फोनवर विचारतेस, घरी कधी येणार म्हणून. मी घरीच आहे. इथे मला "पोरी" म्हणून हाक मारणारं, मी दिसले नाही तर दार वाजवणारं माणूस आहे. ते माणूस मीच अधू केलं, आणि खरं सांगितलं तर तेही जाईल. म्हणून मी त्यांचं सगळं करते आणि गप्प राहते.