चार वॉट आणि एक कर्णा

आमच्या चाळीत सगळेच मोठ्यानं बोलत. नव्या पाहुण्याला वाटे, भांडण लागलंय. चिंचवडच्या त्या बैठ्या चाळीतले बहुतेक कर्ते पुरुष फोर्ज शॉपमध्ये होते, म्हणजे लाल तापलेलं लोखंड भल्यामोठ्या हॅमरखाली ठोकून आकार देण्याच्या कामावर. तिथं आठ तास कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नसे, म्हणून सगळा कारभार खुणांवर. मूठ वर केली की हॅमर उचल, तळवा दाखवला की थांब, अंगठा ओठांशी नेला की चहा. ही भाषा त्यांच्याबरोबर घरी येई. माझे वडील, म्हणजे आबा, चहासाठी तोंड उघडतच नसत. आई अंगठा बघून स्टोव्ह पेटवी. अशा घरात एखाद्याचे कान गेले तर कळणार कसं?

आणि कळून चालणारही नव्हतं. कान गेलेला माणूस हॅमरवर ठेवत नसत. त्याला गेटवर नाहीतर स्टोअरमध्ये बसवत, आणि हॅमरवाल्यांच्या लेखी ते घरी बसवल्यासारखंच होतं. आबांची पंधरा-सोळा वर्षं हॅमरवर गेली होती. कान आणि हॅमर या दोन गोष्टी मी आज शेजारी शेजारी लिहितोय, तेव्हा त्या माझ्या डोक्यात एकत्र कधी आल्या नाहीत. मी अँप्लिफायर बनवण्यात गुंतलो होतो.

मी दुसऱ्या एका कंपनीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बारकाईनं बनवण्याच्या शांत विभागात, टर्नर होतो. तोवर ट्रान्झिस्टरचा जमाना आला होता आणि लोक व्हॉल्व्हचे जुने रेडिओ मातीमोल किमतीत काढून टाकत होते. तसलेच दोन घेऊन मी त्यांचा एक अँप्लिफायर जमवला. ताकद चार वॉट. शॉपमधले मित्र शंभर वॉटांच्या गप्पा मारत, मला मात्र चार वॉटांचा अभिमान होता. आता फक्त स्पीकर हवा होता, आणि तोही खिशाला झेपेल असा. आबांना संध्याकाळी सातच्या बातम्या आणि मागून लागणारी गाणी ऐकायची सवय होती. अलीकडे ते रेडिओजवळून उठून जात. रेडिओ जुना झाला असेल, आपण चांगला आवाज दिला तर परत बसतील, एवढाच माझा हिशेब होता.

पहिला डबा मी टूलरूमवाल्याच्या खाक्यानं बनवला. जाड फळ्या, कडेनं गॅस्केट, चार बोटांवर एक स्क्रू. हवासुद्धा आत शिरणार नाही असा. स्पीकरही तसाच जड, रबरी कडेचा. पूर्ण आवाज सोडला तरी निवेदक उशीत तोंड खुपसून बोलतोय असं वाटे. आबांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आवाज न्हाई ह्येला."

स्टेशनजवळ एका मुसलमान मेकॅनिकचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नामांडवाला लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदाही तोच करी. त्यानं डबा नुसता उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

"भाऊ, चार वॉट कमी नाहीत," तो म्हणाला. "तू गाडीत दगड भरलेत आणि बैलाला शिव्या देतोस. हलक्या कागदाचा स्पीकर घे, मोठा घे, आणि डबा मागून मोकळा सोड."

हे मला पटायला महिना गेला. आयुष्यभर घट्ट बसवणं हीच विद्या शिकलेल्या माणसाला ढिलं सोड म्हणणं म्हणजे अपमानच. शेवटी एका मोडक्या रेडिओग्राममधला बारा इंची, पातळ कागदाचा स्पीकर मिळाला. आमच्या कंपनीत परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येत, त्यांचं लाकूड कामगारांना गेटपासवर नेता येई. त्याच्या फळ्या जोडून, पाठ उघडी ठेवून मी तो बसवला. आवाज असा सुटला की शेजारच्या बायका लाटणं हातात घेऊन दारात आल्या. तबल्याचा घुमारा ऐकून मी स्वतःवरच खूश झालो.

आबा म्हणाले, "आवाज हाय. पर बोलतोय काय त्ये कळंना. डबा न्हाई जमला तुला."

मला खरंच राग आला. आईला शब्द न् शब्द कळत होता. तरी मी ट्रान्सफॉर्मर बदलला, व्हॉल्व्ह बदलले, स्पीकरची जागा बदलली. असं करता करता पहिल्या डब्यापासून दोन वर्षं झाली, आणि आबांचा निकाल काही बदलेना. म्हाताऱ्याला मला नापास करायचंच आहे, असं मी धरून चाललो.

शेवटी परत त्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बाकी घरच्यांना कळतं?"

"सगळं कळतं."

"वडील कामाला कुठं?"

"हॅमरवर."

त्यानं सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवलं. आत जाऊन मांडवात लावतात तसला एक चेमटलेला कर्णा घेऊन आला. "ठोकाठोकीत बारीक आवाज पहिले जातात. जाड ऐकू येतं, शब्द सुटतात. हा नेमका शब्द फेकतो. ह्याला चार वॉट म्हणजे मेजवानी." पैसे त्यानं नावापुरते घेतले.

कर्णा मला मनापासून नावडता. घुमारा नाही, गोडवा नाही, नुसता पत्र्याचा आवाज. पण आबांचे कान गेलेत, हे आता मला कळलं होतं. गुरुवारी, आमच्याकडच्या साप्ताहिक सुट्टीला, मी तो फळीवर बसवला. सातला बातम्या लागल्या. आबा उठायच्या बेतात होते, ते बसले. त्यांचे ओठ निवेदकाबरोबर हलायला लागले. मी आवाज कमी केला, आणखी कमी केला. ते ऐकतच होते.

"तुला कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"परवा."

"मला दोन वरसं झाली." मग म्हणाले, "तू डबं बनवीत व्हतास. तवर म्हनता येत व्हतं, डब्यात खोट हाय."

एवढं बोलून ते उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं, खिडकीही लावली. एप्रिल महिना होता. "कुनाला कळाया नगं," म्हणाले.

आमच्या चाळीत झोपेपर्यंत कुणाचंही दार लागत नसे. आमचं मात्र रोज सात ते साडेसात लागायला लागलं. कुणी विचारलं तर आई सांगे, उदबत्तीचा धूर टिकावा म्हणून. कर्ण्याचा पत्र्याचा आवाज दाराच्या फटीतून बाहेर जातो, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पंधरा दिवसांनी दार वाजलं. पलीकडच्या खोलीतले एक हॅमरवाले होते, आबांच्याच पाळीतले. ते आत आले, दार परत लावलं आणि कर्ण्यासमोर मांडी घालून बसले. बातम्या संपल्यावर निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. जूनपर्यंत आणखी एक यायला लागले, आबा धरून तिघं झाले. तिघंही रोज तिथं बसत आणि एकानं दुसऱ्याला विचारलं नाही, तू इथं का. कंपनीच्या तपासणीत तिघंही ठणठणीत ऐकू येतं म्हणून सांगून येत. मला त्यांचा राग येई, त्यांना डॉक्टरकडे ओढत न्यावंसं वाटे, आणि सात वाजले की मीच बटण फिरवी.

चौथा आला तेव्हा दिवाळी झाली होती. त्यानं माझ्याकडे न बघता चप्पल काढली. तो माझ्याच वयाचा होता, सव्वीस वर्षांचा. आयटीआयला आम्ही एका बाकावर बसायचो. पास झाल्यावर मी टूलरूमला गेलो आणि तो फोर्जला. आबा सरकले आणि त्यांनी त्याला कर्ण्याच्या अगदी तोंडाशी जागा करून दिली.