टाकीतली ओहोटी

आधीच सांगतो, भूतबित, करणीबिरणी यावर माझा काडीचाही विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. मी पंप ऑपरेटर माणूस. पाणी पाइपातून येतं आणि पाइपातूनच जातं, एवढं मला कळतं. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरूळला खाडीच्या कडेला एका शेटचं पार्क होतं — आता तिथे टॉवर आहेत. घसरगुंड्या, पाळणे आणि सिमेंटच्या टाकीत एक डॉल्फिन. पाणी टँकरचं. त्यात मिठागरातल्या खड्या मिठाच्या गोणी मी ओतायचो आणि थेंब जिभेवर टाकून खारटपणा बघायचो. मीटरबिटर कोण देतोय? असा आमचा समुद्र. डॉल्फिनचे डोळे लालभडक झालेले. गोण घेऊन मी दिसलो की तो भिंतीला धडका मारायचा... फक्त मी दिसलो की. एकदा तर माझा हातच धरला. दातांच्या खुणा अजून आहेत. त्या दिवसापासून तो माझ्या डोक्यातच गेला.

मग टाकीतलं पाणी उतरायला लागलं. सकाळी वीतभर खाली, दुपारी परत वर. गळती असेल म्हणून सगळे व्हॉल्व्ह बंद केले, टाइल्सवर खडूने रेघा मारल्या, तरी तेच. खाडीशी टाकीचा काही संबंध नव्हता, पाइप मीच टाकलेले. डॉल्फिनसाठी मासे आणणाऱ्या, शेजारच्या करावे गावातल्या हिरामावशीने त्या रेघा बघितल्या, बोटांवर तिथी मोजली आणि पाणी किती वाजता कुठवर चढेल ते सांगितलं. तस्संच झालं. टाकीत भरती-ओहोटी चालू होती.

तोवर त्याने खाणं सोडलेलं. मानेपाशी खड्डा पडलेला. शेटला सांगितलं, तर म्हणे रविवारचा शो होऊ दे. अवसेच्या सकाळी मावशी माझ्याकडे आली.

"आज उधान हाय. दुपारी बाराला खाडीचं पानी मागच्या गेटाला लागंल. माजी चार मानसं त्याला खाडीत सोडाया झोळी घेऊन भायेर उबी रातील. तू फक्त गेट उगड."

हात ठणकत होता. "मरू दे साल्याला," मी म्हणालो आणि कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो.

बाराला आरडाओरडा ऐकून धावलो. टाकी काठोकाठ भरून वाहत होती. पाण्याला खाडीच्या चिखलाचा वास. आणि तो टाकीत नव्हता. वीस पावलांवर, बंद गेटला तोंड लावून पडला होता. श्वास चालू होता. पलीकडून माणसं गेट बडवत होती. मी कुलूप काढलं, तोवर तो गेलेला. मावशी त्यानंतर माझ्याशी कधीच बोलली नाही.

टाकीची भिंत छातीएवढी उंच होती. तो बाहेर कसा आला, एवढं पाणी कुठून आलं, मला माहीत नाही. कोपरखैरण्यात आमच्या गॅलरीत पाण्याचा ड्रम आहे. झाकण घट्ट लावलेलं असतं, तरी अवसेला त्यातलं पाणी बोटभर उतरतं आणि बाराला परत चढतं. बायको म्हणते, ड्रम बदलू. तीन बदलले.

कारण विचारू नका, माझ्याकडे नाही. गेटची चावी मात्र त्या दिवशी सकाळपासून माझ्याच खिशात होती.